सहावी खुर्ची

सोमवार, १४ जुलै २००३. दुपारी ४.१०

अन्याय घडला ती वेळ वर दिली आहे. घड्याळ बघूनच उठले, पुढे कुणी नाकारायला नको. या वेळी, माझ्या घरात, माझ्या डायनिंग टेबलाच्या माझ्या खुर्चीवरून मला उठवण्यात आलं.

उठवणारा: दत्तप्रसाद, टी.वाय.बी.एस्सी., राहणार बिबवेवाडी. मिशी अजून विचाराधीन. शब्द असे: आजी, आपण जरा आत बसाल का?

आजी! तेहतीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. मला पोस्टमनसुद्धा मॅडम म्हणतो.

आता पार्श्वभूमी. मैत्री ही माझी भाची, धाकट्या भावाची, वैजनाथची मुलगी. वैजनाथ वाघोलीला राहतो, म्हणजे जवळजवळ नगरला. माझ्या एरंडवण्याच्या फ्लॅटपासून कॉलेज चालत जाण्यासारखं, म्हणून मैत्री गेल्या वर्षापासून माझ्याकडे असते. एफ.वाय.ला तिचा नेमका प्राणिशास्त्राचाच पेपर राहिला. वर्षभर रोज संध्याकाळी मी स्वतः तिला डिक्टेशन देत होते, तेव्हा पेपर तपासणाऱ्याचीच गडबड असणार. आता ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसायचं. वैजनाथने सांगून टाकलंय, या वेळी पेपर सुटला नाही तर पोरगी वाघोलीला परत. कॉल सेंटरमध्ये लावतो म्हणाला, तिचं इंग्लिश फर्स्टक्लास आहे. फर्स्टक्लास कुणी केलं? व्ही आणि डब्ल्यू वेगळे काढायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

कॉलेजने यंदा नवी टूम काढली आहे. मुलांनीच मुलांना शिकवायचं. चार मुलं, त्यांच्यावर एक वरच्या वर्गातला लीडर, सोमवार-गुरुवार चार वाजता. बसायला जागा मात्र नाही, कारण प्राणिशास्त्राचं म्युझियम हलवून तिथे कॉम्प्युटर सेंटर थाटलंय. माझे बरणीतले साप आता जिन्याखाली आहेत. म्हणून मी मैत्रीच्या ग्रुपला माझं टेबल देऊ केलं. सहा खुर्च्या आहेत. पाच त्यांच्या, सहावी, टेबलाच्या टोकाची, माझी. अर्थात शिकवणार मी, हे सांगायची गरज मला वाटली नव्हती.

ठराव: पाचही जणांच्या सह्यांची लेखी माफी. शाईने. आठ दिवसांत.

मंगळवार, १५ जुलै

प्राचार्यांना पत्र लिहिलं. कडक झालंय. उत्तर आठ दिवसांत लेखी मागितलं आहे. पत्र पाठवलेलं नाही. त्यांना सुधारायला एक संधी द्यावी.

गुरुवार, १७ जुलै

स्वयंपाकघरातून निरीक्षण. दार लोटलेलं, बंद नाही. माझ्या घरातलं दार किती लोटायचं ते मी ठरवीन.

मंडळी अशी. आपली मैत्री. भाग्यश्री, बार्शीची, बोलते ती शेताच्या पलीकडे हाक मारल्यासारखी. आयुष, केसांना काहीतरी चोपडून ते उभे करतो. सोनू हा मुलगा आहे, खरं नाव त्यालाही आठवावं लागतं. आणि लीडर दत्तप्रसाद. लीडरचं काम काय, तर उत्तर न सांगणं. खरंच. न सांगण्याचं कॉलेजने त्याला ट्रेनिंग दिलंय. मी तेहतीस वर्षं फुकट सांगत बसले.

मुलांनी प्रश्न आणायचे, वाद घालायचा, चुकायचं आणि पडत-धडपडत उत्तरापर्यंत पोचायचं. एखाद्याला उत्तर आधीच माहीत असेल तर त्याने ते फोडायचं नाही. फोडलं तर चहा त्याने करायचा.

आजचा प्रश्न सोनूचा: पावसात गांडुळं रस्त्यावर का येतात? आयुष म्हणाला, फिरायला. भाग्यश्री म्हणाली, अरे बिळात पाणी शिरलं तर तू काय करशील? तो म्हणाला, मावशीकडे जाईन. मैत्री म्हणाली, पण ती बुडतात का? त्यांना नाक कुठंय? आणि सगळे गप्प. लीडरही गप्प! मी लाटणं हातात घेऊन उभी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत, सिस्टर बर्नाडेटच्या वर्गात, उत्तर येत असून गप्प बसणाऱ्या मुलीला बाकावर उभं करायचे. माझा हात तर खांद्यातून निखळेपर्यंत वर असायचा.

मी दारातूनच म्हणाले, त्वचेतून! श्वास त्वचेतून घेतात!

मग सगळे एका सुरात: आजी, चहा!

केला. चांगला झाला होता, असं प्रत्येकाने सांगितलं. थोडक्यात, माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही हे पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं.

सोमवार, २१ जुलै

संकल्प: आज एक शब्द बोलणार नाही.

चहा दोनदा.

गुरुवार, २४ जुलै

नवा उपाय. तोंडात पाणी धरून उभी राहिले. पेशी आकाराने लहानच का असतात, हा प्रश्न होता. आयुष म्हणाला, मोठ्या असत्या तर मायक्रोस्कोपवाल्यांचा धंदा बसला असता. यावर बाकीचे हसले, आणि मला ठसका लागला. भाग्यश्रीने धावत येऊन पाठीवर धपाटे घातले. ठसक्यातूनसुद्धा "सरफेस एरिया" स्पष्ट ऐकू आलं, असं सोनूचं म्हणणं.

चहा.

माफी अजून आलेली नाही. मुदत सोमवारपर्यंत वाढवली आहे.

सोमवार, २८ जुलै

मुदत पुन्हा वाढवली. मुलं अभ्यासात आहेत, त्यांच्यावर ताण नको.

रविवार, ३ ऑगस्ट

बोलायचं नाही ना? ठीक आहे. भिंत तर बोलू शकते. बुधवार पेठेत जाऊन बेडकाच्या अंतर्रचनेचा मोठा रंगीत तक्ता आणला. दुकानदार म्हणाला, आजी, नातवाला का? त्याला सांगितलं, नाही, मला. मग त्याने तो फारच जपून गुंडाळून दिला.

तक्ता टेबलासमोर, लीडरच्या डोक्यावर लावला आहे. आता प्रश्न काहीही विचारोत, उत्तर समोर. आणि मी चकार शब्द बोललेली नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

पहिली पाच मिनिटं उत्तम. मग भाग्यश्रीने मान वाकडी करून तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, अगं बाई, ह्या बेडकाच्या हृदयाला चार कप्पे काढलेत. हा बेडूक आहे का माणूस?

बघितलं. चार होते. तीन हवेत.

मग काय, अभ्यास राहिला बाजूला आणि तक्त्यातल्या चुका शोधायचा खेळच सुरू झाला. यकृताच्या जागी जठर लिहिलेलं सोनूला सापडलं. पित्ताशयाचा पत्ताच नाही, हे मैत्रीला. टाळ्या. आयुष म्हणाला, ह्या बेडकाला ताबडतोब ससूनला न्या.

मी बाहेर येऊन सांगितलं की तक्ता मुद्दाम चुकीचा आणला होता. दत्तप्रसाद म्हणाला, सही, आजी! याहून भारी आयडिया आमच्या ट्रेनिंगमध्येपण नव्हती. मैत्रीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

कुणी सांगायच्या आत चहा टाकला.

सोमवार, ११ ऑगस्ट

सरळ मार्ग. ग्रुपचं सभासदत्व मागितलं. सहावी खुर्ची रिकामीच असते, तिच्यावर दप्तरं ठेवतात. माझ्या खुर्चीवर दप्तरं!

दत्तप्रसाद म्हणाला, आजी, या ना, पण सगळ्यांना एकच नियम आहे. प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही. चिठ्ठीवर लिहून ह्या डब्यात टाकायचा. डबाही माझाच, रव्याचा. रवा कुठे गेला याची चौकशी नंतर करीन.

एवढंच ना? गुरुवारी बसते.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळपासून विचार करतेय. एकही प्रश्न सापडत नाही. जो सुचतो त्याचं उत्तर मागोमाग हजर. मी वर्गात हजारो प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच तयार असायचं. तयारी म्हणतात ती याला. पण हे पोरांना कुणी सांगायचं?

मैत्रीला विचारलं, तुला कसे गं सुचतात? म्हणाली, आत्या, सुचवावे लागत नाहीत. मला खूप काही येतच नाही.

हे ती आनंदाने म्हणाली. काळजीची बाब आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

खुर्चीवर बसले. टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून. फार दिवसांनी टेबलाला माणसं भरलेली वाटली.

चिठ्ठी लिहिली होती: झुरळाचं रक्त लाल का नसतं? उत्तर मला अर्थातच येतं, पण चेहऱ्यावर अज्ञान आणलं. सवय नसल्यामुळे जड गेलं. आयुषने विचारलं, आजी, डोकं दुखतंय का?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सोनू म्हणाला, झुरळं लोखंडाची भांडी चाटत नाहीत म्हणून असेल. सहन करायला एक मर्यादा असते. मी म्हणाले, मूर्खा, त्याच्या शरीरात हवेच्या नळ्या असतात, ऑक्सिजन रक्तातून न्यावाच लागत नाही, मग हिमोग्लोबिन कशाला लागेल?

सोनू उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आजी, कॉपी! तुम्हाला उत्तर येत होतं!

कॉपी. मला. सिस्टर बर्नाडेटने माझ्या शेजारी बसायला मुली राखून ठेवल्या होत्या, त्यांना वळण लागावं म्हणून.

सदस्यत्व तहकूब. दप्तरं पुन्हा खुर्चीवर. चहा.

सोमवार, १८ ऑगस्ट

एक नोंद. बाहेर मैत्रीचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. नाही नाही, थांब, मी चुकले, पुन्हा सांगते, असं काहीतरी सारखं चाललेलं असतं, आणि वर हसणं. आवाजाची फेक मी शिकवलेली.

रात्री जेवताना मी म्हटलं, डिफाइन ऑस्मॉसिस. ती आमटीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. म्हणाली, आत्या, येतं मला, पण आत्ता गेलं.

माझ्यासमोर ती भारावून जाते. पूर्वी वर्गातल्या मुलींचंही असंच व्हायचं.

बुधवार, १० सप्टेंबर

वैजनाथचा फोन. काल विसर्जन झालं, आज हा. म्हणाला, ताई, कॉल सेंटरवाल्यांशी बोलून ठेवलंय. मैत्रीची फोनवर मुलाखतपण झाली. तिचा व्ही आणि डब्ल्यू ऐकून साहेब खूश झाला. पेपर गेला तर जानेवारीपासून जॉइन.

मी म्हटलं, पेपर जाणार नाही. तो म्हणाला, मागच्या वर्षीपण तू हेच म्हणाली होतीस.

फोन ठेवून तिच्या खोलीत गेले. कॉलेजला गेली होती. ओढणी खुर्चीवर, पुस्तकं पलंगावर, कंगव्यात केस तसेच. एरवी ओरडले असते. मैत्री येण्याआधी या घरात मी रेडिओच्या प्रश्नमंजूषेला मोठ्याने उत्तरं द्यायचे. सगळी बरोबर यायची. निवेदक पुढच्या स्पर्धकाकडे वळायचा.

नाही. ते पुन्हा नाही. ग्रुपवर विसंबून भागायचं नाही. मलाच काहीतरी करायला हवं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

माझ्या जुन्या नोट्स काढल्या. तेहतीस वर्षं यावर मुलं पास झाली आहेत. पिवळ्या पडल्यात, पण बेडकाने मधल्या काळात काही बदल केलेला नाही. सोमवारपर्यंत हृदय आणि रक्ताभिसरण तोंडपाठ करून घेणार. ग्रुपला सांगायचं नाही, असं मैत्रीला बजावलं. म्हणाली, पण आत्या, आमचं तिथपर्यंत येतच होतं. मी म्हटलं, येतच होतं आणि आलं यात एक अख्खं वर्ष जातं.

पाठ करतेय. आवाज बारीक आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

लिहायला हात धजत नाही, पण नोंद नोंद आहे.

दत्तप्रसादने विचारलं, बेडकाच्या हृदयाला तीनच कप्पे, म्हणजे चांगलं आणि वाईट रक्त थोडं मिसळणार. तरी त्याचं चालतं कसं? मैत्रीने तोंड उघडलं आणि माझी नोट सुरू झाली. द हार्ट ऑफ फ्रॉग इज अ हॉलो, मस्क्युलर ऑर्गन. उच्चार निर्दोष. मी दाराआड श्वास धरून. चौथ्या ओळीला आयुषने विचारलं, म्हणजे काय गं? ती थांबली. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. पुन्हा चौथ्या ओळीला थांबली. भाग्यश्री म्हणाली, मैत्रे, असं काय करायलीस? तुझ्या शब्दांत सांग की. मैत्री म्हणाली, माझे शब्द गेले. आणि रडायला लागली.

मी पुढची ओळ सांगितली. मदत म्हणून.

कुणीही चहा म्हणालं नाही.

निघताना दत्तप्रसाद स्वयंपाकघरात आला. चपला हातात घेऊन. म्हणाला, आजी, आपण चहा एक नंबर करता. पण गुरुवारपासून आम्ही माझ्याकडे बसतो. मी विचारलं, का? तो म्हणाला, आपण सांगा ना, का असेल?

शेवटपर्यंत उत्तर सांगितलं नाही त्याने. ट्रेनिंग पक्कं आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर. दुपारी चार

कुणी नाही. दोन-चार दिवसांत परत येतील. बिबवेवाडी किती लांब, बसला किती गर्दी.

सवयीने सगळ्यांचा चहा टाकला गेला. मी दोन कप प्यायले. उरलेला बेसिनमध्ये ओतला. तक्त्यावरचा बेडूक चार कप्प्यांनिशी बघत होता.

सोमवार, २२ सप्टेंबर

बिबवेवाडीला गेले. मागे लागून नव्हे. अठरा वर्षांची मुलगी कुणाच्या घरी जाते हे घरच्या वडीलधाऱ्या माणसाने बघायला नको? रिक्षावाल्याने तीनदा रस्ता चुकवला. तिन्ही वेळा बरोबर वळण मी सांगितलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

दत्तप्रसादच्या घराची पुढची खोली म्हणजे पिठाची गिरणी. मुलं बसतात मागच्या खोलीत. असल्या खडखडाटात अभ्यास! गिरणीवर त्याची आई होती, सुंदराबाई. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. म्हणाली, या मॅडम.

मॅडम. पहिली सुसंस्कृत व्यक्ती.

मी आत जायला निघाले तर म्हणाली, आत न्हाई जायचं. मी बी जात न्हाई. मी विचारलं, का? म्हणाली, पोरगा म्हणतो, आई, तू आलीस की समदी नीट बसत्यात अन् गप होत्यात. मंग मी हितंच बसते. तुमी बी बसा, बाजरी संपू द्या.

स्टूल दिलं. बसले. बाजरी संपली आणि गिरणी थांबली तेव्हा आतलं सगळं ऐकू यायला लागलं. दोन्ही खोल्यांमध्ये एक पडदा तेवढा. तोच प्रश्न होता, तीन कप्प्यांचा. आयुष म्हणत होता, मिसळलेल्या रक्तावर चालतंच कसं त्याचं, चिटिंग आहे ही. मग मैत्रीचा आवाज. थांब, थांब. पाण्यात असताना बेडूक तासन्‌तास वर येत नाही. म्हणजे हवा त्याला आणखी कुठून तरी मिळत असणार. फुप्फुसं सोडून. आणि ते गांडूळ आठवतंय का, आपलं पहिल्या आठवड्यातलं—

आणि थांबली. नुसती थांबली होती. पण गेल्या सोमवारीही अशीच थांबली होती, चौथ्या ओळीला. परीक्षा तोंडावर. जानेवारीपासून जॉइन. ती पुन्हा रडणार असं मला वाटलं.

मी ओरडले, त्वचेतून! बेडूकसुद्धा त्वचेतून श्वास घेतो!

गिरणीत दळणाला आलेली एक बाई दचकली, तिचा डबा सांडला.

पडदा सरकला. मैत्री बाहेर आली. मला वाटलं, चिडेल. चिडली नाही. अगदी हळू म्हणाली, आत्या, मी बोलणारच होते.

सुंदराबाई खाली वाकून त्या बाईचे गहू गोळा करत होती. मीही वाकले. गहू फार लांबवर गेले होते.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, केस आणि साडी पांढरीफटक. रिक्षावाला म्हणाला, आजी, सावकाश बसा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

त्या दिवशी मैत्रीला माझे आभारच मानायचे होते, वेळ चुकली एवढंच. पण आता तिला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. परीक्षा होईपर्यंत. या वेळी निभावतेय. तिच्या खोलीच्या बाहेरून जाताना तोंडात पाणी धरते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पेपर झाला. कसा गेला, विचारलं नाही. ती म्हणाली, बरा गेला. मी मान हलवली. पाणी तोंडात होतं.

बुधवार, १० डिसेंबर

पास! साधी पास नाही, चांगल्या मार्कांनी. पेढे आणले. पायाभरणी माझी होती हे उघड आहे, पण मी बोलून दाखवलं नाही. वैजनाथला फोनवर दोनदाच सांगितलं.

तो म्हणाला, ताई, तू शिकवलंस तेव्हा नापास, पोरांनी पोरांना शिकवलं तेव्हा पास. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नसतात, हे त्याला शाळेपासून कळलेलं नाही. कॉल सेंटर रद्द. मैत्री पुण्यातच राहणार. जिंकले मी!

रविवार, १४ डिसेंबर

मैत्री पुण्यातच राहणार आहे. भाग्यश्रीबरोबर, रूमवर.

विचारलं, इथे काय कमी आहे? म्हणाली, काहीच कमी नाही, आत्या. मग? पलंगाच्या कडेला बसली. माझा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायची तसा. म्हणाली, तिकडे मला चुकता येतं.

मी म्हटलं, चुकायलाच जायचं तर रूम कशाला, इथेही चूक. म्हणाली, इथे चुकायला वेळच मिळत नाही गं.

दत्तप्रसाद आणि सोनू तिची ट्रंक न्यायला आले. सोनू म्हणाला, आजी, चहा नाही का? कुणाला काही फोडायला लागलंच नाही, आधीच टाकला होता.

कंगवा विसरली आहे. पाठवणार नाही. न्यायला येईल.

सोमवार, २२ डिसेंबर

कंगवा तिथेच आहे. नवा घेतला असणार. आजकाल सगळ्यांच्या हातात पैसा खेळतो.

रेडिओवर विचारलं, सगळ्यात मोठं अंडं कोणत्या पक्ष्याचं? मी उत्तर दिलं नाही. बघू म्हटलं, स्पर्धकाला येतंय का. आलं.

सोमवार, ५ जानेवारी २००४

मैत्रीचा फोन. तिला लीडर केलंय! एफ.वाय.ची चार मुलं, पुढच्या सोमवारपासून, चार वाजता. प्राचार्यांनी तिचं नाव स्वतः सुचवलं म्हणे. त्यांना मी ते पत्र पाठवलं नाही हे किती बरं केलं.

म्हणाली, कॉलेजात जागा नाही, भाग्यश्रीची रूम काडेपेटीएवढी आहे, गिरणीत सकाळ-संध्याकाळ दळण. जागा बघतेय. एवढं बोलून गप्प बसली. काय पण गप्प बसते आता! लीडर झाली आहे.

मी म्हटलं, टेबल आहे. सहा खुर्च्या आहेत. ती म्हणाली, माहितीये आत्या, पण नियम तुला माहीत आहे. चिठ्ठी लागेल. उत्तर येत नसलेली. आणि खरंच येत नसलेली.

मी म्हटलं, देते.

बुधवार, ७ जानेवारी

दिवसभर टेबलाशी. बाहेर पडले फक्त दूध घ्यायला. सुचलेले सगळे प्रश्न खोडले. पालीची शेपटी: येतं. मधमाशीचा नाच: येतं. विंचवाचं विष: येतं. कागद भरला, सगळं येतं. इतकं सगळं येऊन माणसाने काय करायचं असतं?

शेवटी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. समोर तक्ता, आणि टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्या. बसून होते. संध्याकाळी दिवा लावायला उठले आणि उभ्या उभ्या प्रश्न लिहून टाकला.

गुरुवार, ८ जानेवारी २००४. सकाळी ९.३०

चिठ्ठीची नक्कल इथे उतरवून ठेवते. मूळ प्रत आत्ता पोस्टात टाकली. खरोखर टाकली.

लीडर, कु. मैत्री हिला सप्रेम,

माझा प्रश्न: सोमवारी चार वाजता टेबलाला पाच खुर्च्या मांडू, की सहा?

उत्तर मला येत नाही. रेडिओला विचारून पाहिलं, त्यालाही येत नाही. तू सांगशील तेच. चहाकडे मी बघते, उत्तर फोडलं तरी आणि न फोडलं तरी. तक्ता काढू की राहू दे, तेही कळव. मला वाटतं राहू दे, नव्या मुलांना चुका शोधायला होईल. मी सांगितलेल्या नाहीत, सांगणार नाही.

मागे मागितलेली माफी मागे घेतली आहे. तुझा कंगवा इथे आहे.

लेखी उत्तर शनिवार, १० जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत मिळावे. नंतर आलेल्या उत्तराचा विचार केला जाणार नाही.

रविवारी आलं तरी चालेल. पण लेखी.